आधी सर्वो मध्यावर, मग दांडी

रेडिओने चालणाऱ्या मोटारगाडीचा सुटा संच हाती आला, की केव्हा एकदा गाडी पळवतो असे होते. जपानच्या तामिया कंपनीची अशी पहिली गाडी 1976 सालची. ती पोर्श 934 ची 1/12 आकाराची प्रतिकृती होती. त्यानंतर संच कितीतरी बदलले. पण जोडणीतली एक पायरी कायम आहे, आणि घाईत नेमकी तीच सुटते.

पुढची चाके वळवणारी छोटी पेटी म्हणजे सर्वो. तिच्या आसावर दांडी बसवण्यापूर्वी गाडीची चाके जमिनीपासून उचलून ठेवा. मग आधी हातातला प्रेषक आणि नंतर गाडी सुरू करा. प्रेषकाचे वळणाचे चक्र आणि ट्रिमची कळ मध्यावर असू द्या. सर्वो किंचित गुरगुरून थांबेल. आता दांडी बसवा.

एवढा खटाटोप कशासाठी? सर्वोच्या आत काय चालते ते पाहा. गाडीतला ग्राहक सर्वोला सेकंदाला साधारण 50 विद्युत्-स्पंद पाठवतो. स्पंद 1.5 मिलिसेकंदाचा असला तर त्याचा अर्थ ‘मध्यावर राहा’. 1 मिलिसेकंद म्हणजे एका टोकाकडे, 2 मिलिसेकंद म्हणजे दुसऱ्या. पण आस कोठवर फिरला, हे सर्वोला कसे कळते? आसाला एक बदलता रोध जोडलेला असतो. आस फिरला की रोध बदलतो, आणि त्यावरून आसाची जागा समजते. हवी ती जागा आणि असलेली जागा यांत फरक आहे तोवर मोटर फिरते. फरक संपला की थांबते. सर्वो चालू असताना आस बोटांनी अगदी हलकेच वळवून पाहा. तो हट्टाने विरोध करील!

म्हणजे सर्वोचा मध्य सर्वोच जाणतो. नजरेने तो ठरवता येत नाही. त्यातून आसावर दाते असतात. पुष्कळ सर्वोंत ते 25 असतात. 360 ला 25 ने भागा: 14.4. दांडी एकच दाता चुकली, तरी 14.4 अंशांचा फरक पडला! सर्वो एका बाजूला फिरतो साधारण 45 अंश, त्यातले 14 असे वाया गेले. गाडी एकीकडे ओढू लागते. शिवाय त्या बाजूला चाके अडली, तरी सर्वोच्या लेखी फरक उरलेलाच असतो. मोटर रेटत राहते, तापते आणि कधी जळते किंवा प्लॅस्टिकचे दाते झिजतात.

ट्रिमची कळ आहे ती अंश-दोन अंशांच्या फरकासाठी. दात्याची चूक तिच्यावर ढकलू नका.

दांडीचा स्क्रू आवळल्यावर चक्र उजवीकडे फिरवा. चाके डावीकडे वळली, तर घाबरून सारे सुटे करू नका. बहुतेक प्रेषकांवर दिशा उलटी करण्याची सोय असते. ती बदलली की झाले.