विश्लेषण : 'ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही' असा इशारा कम्प्युटर का देतो? तो बंद करणे धोक्याचे का?

विंडोज ११ असलेला कम्प्युटर सुरू करताच काही वेळा पडद्यावर एक चौकट येते. 'या कम्प्युटरवर ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आणि त्याखाली एका अनोळखी फाइलचे नाव. पाठोपाठ जुना प्रिंटर, वेबकॅम किंवा डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन चालेनासे होते. 'सेटिंगमधले एक बटण बंद करा, इशारा जाईल' असा सल्ला यूट्यूबवर सहज मिळतो. इशारा खरोखर जातो. पण त्याबरोबर कम्प्युटरचे एक महत्त्वाचे संरक्षणही जाते. हा इशारा नेमके काय सांगतो आणि त्यावर सुरक्षित उपाय कोणता, याविषयी...

ड्रायव्हर म्हणजे काय?

प्रिंटर, कीबोर्ड, वाय-फाय, साउंड कार्ड अशा प्रत्येक उपकरणाची आज्ञा घेण्याची पद्धत वेगळी असते. विंडोज आणि उपकरण यांच्यात दुभाष्याचे काम करणारे छोटे सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर. अनेक ड्रायव्हर थेट 'कर्नल'मध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालतात. तिथे शिरलेल्या प्रोग्रामला मेमरीपासून हार्ड डिस्कपर्यंत सगळीकडे मुक्त प्रवेश असतो.

या स्तरावरील चूक किती महागात पडते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक कंपनीचे सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नलच्या स्तरावर चालते. त्याच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज कम्प्युटर बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

इशारा का येतो?

विंडोज ११मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' नावाची सुविधा आहे. कर्नलमध्ये जाणाऱ्या प्रत्येक कोडची तपासणी ती एका वेगळ्या, बंदिस्त भागात करते. ड्रायव्हर जुन्या पद्धतीने लिहिलेला असेल किंवा त्यात त्रुटी असेल, तर त्याला प्रवेश नाकारला जातो. याशिवाय त्रुटी असल्याचे उघड झालेल्या ड्रायव्हरची यादी मायक्रोसॉफ्ट ठेवते. ही रोखयादी २०२२च्या विंडोज ११ अपडेटपासून आपोआप सुरू असते.

म्हणजेच हा इशारा व्हायरस सापडल्याचा नाही, उपकरण बिघडल्याचाही नाही. दारावरच्या रखवालदाराने एकाला अडवले आहे, इतकाच त्याचा अर्थ. सुविधा बंद असेल तर इशारा वेगळ्या रूपात दिसतो. 'विंडोज सिक्युरिटी'च्या चिन्हावर पिवळा त्रिकोण येतो आणि सुविधा सुरू करू गेल्यास न जुळणाऱ्या ड्रायव्हरची यादी समोर येते.

जुना ड्रायव्हर इतका धोकादायक का?

हॅकरना स्वतःचा ड्रायव्हर कर्नलमध्ये घुसवणे अवघड जाते, कारण त्यावर मान्य डिजिटल स्वाक्षरी लागते. मग ते नामांकित कंपनीचा, स्वाक्षरी असलेला पण सदोष ड्रायव्हर सोबत आणतात आणि त्यातून आत शिरतात. 'गेन्शिन इम्पॅक्ट' या लोकप्रिय गेममधील फसवणूकविरोधी ड्रायव्हर वापरून खंडणीखोरांनी अँटिव्हायरस बंद पाडल्याचे ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने २०२२मध्ये उघड केले. त्यासाठी कम्प्युटरवर तो गेम असण्याचीही गरज नव्हती. नेट बँकिंग, प्राप्तिकर विवरणपत्र आणि मुलांचे प्रवेश अर्ज एकाच कम्प्युटरवर भरले जातात, त्या घरात हा धोका दूरचा राहत नाही.

इशारा आल्यावर काय करावे?

• इशाऱ्यातील फाइलचे नाव लिहून घ्यावे किंवा मोबाइलवर फोटो काढावा. त्यावरून ड्रायव्हर कोणत्या कंपनीचा किंवा उपकरणाचा, ते कळते.

• कोणताही बदल करण्यापूर्वी 'सिस्टिम रिस्टोअर पॉइंट' तयार करावा.

• सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स या क्रमाने जाऊन नवा ड्रायव्हर आला आहे का, ते पाहावे.

• तिथे नसल्यास उपकरणाच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून शोधावे. क्रमांक बहुधा मागच्या बाजूच्या स्टिकरवर असतो.

• उपकरण आता वापरात नसेल, उदाहरणार्थ जुने इंटरनेट डोंगल, तर त्याचे सॉफ्टवेअर काढून टाकावे. ते निघूनही इशारा येत राहिल्यास 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडावा आणि ते उपकरण ड्रायव्हरसह अनइन्स्टॉल करावे.

• शेवटी कम्प्युटर रीस्टार्ट करावा.

काय करू नये?

'तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट करू' असे सांगणारी अनोळखी सॉफ्टवेअर घेऊ नयेत. इशाऱ्यातील फाइल एखाद्या भलत्याच संकेतस्थळावरून उतरवणे किंवा विंडोजच्या फोल्डरमधून थेट पुसणेही टाळावे. 'मायक्रोसॉफ्टकडून बोलतोय' असे सांगत आलेल्या फोनवर कम्प्युटरचा ताबा देऊ नये. अशा त्रुटीसाठी मायक्रोसॉफ्ट स्वतःहून फोन करत नाही.

नवा ड्रायव्हर मिळालाच नाही तर?

अनेक वेबकॅम आणि काही प्रिंटर विंडोजमध्ये मुळात असलेल्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालतात. त्यामुळे कंपनीचे जुने सॉफ्टवेअर काढून उपकरण पुन्हा जोडून पाहावे. स्वाक्षरीच्या टोकनसाठी ते देणाऱ्याकडून नवा ड्रायव्हर मागावा. यातले काहीच शक्य नसेल आणि काम अडले असेल, तर मेमरी इंटिग्रिटी तेवढ्यापुरती बंद करता येते. मात्र काम होताच ती पुन्हा सुरू करून कम्प्युटर रीस्टार्ट करावा. हे दर आठवड्याला करावे लागत असेल, तर नवे उपकरण घेणे किंवा त्या कामासाठी बँकेचे व्यवहार होत नसलेला दुसरा कम्प्युटर वापरणे अधिक शहाणपणाचे.