भादलीची जागा आणि धावपट्टी
जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायत निवडणुकीत तृतीयपंथी अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी तो फेटाळला. 2 जानेवारी 2021 रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारण्याचा आदेश दिला. पाटील यांनी स्त्री ही ओळख कायमची निवडली आहे आणि 2014 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल व 2019 चा कायदा स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क देतात, हा त्यामागचा आधार. त्या निवडूनही आल्या.

खेळात मात्र एवढ्याने भागत नाही. राखीव जागा प्रतिनिधित्वासाठी असते. महिला गट शरीरांतील फरकामुळे वेगळा केलेला असतो. पुरुषी वयात येताना वाढलेली उंची, हाडे, स्नायू यांचा लाभ टेस्टोस्टेरॉन घटवल्यावरही पूर्ण जात नाही, असा एका बाजूचा युक्तिवाद. हिमोग्लोबिन काही महिन्यांत उतरते, स्नायूंची ताकद सावकाश. प्रत्यक्ष ट्रान्स खेळाडूंवरचे अभ्यास तर थोडेच, हे दुसरी बाजू दाखवते, आणि ते खरेही आहे. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने मार्च 2023 मध्ये पुरुषी वयात आलेल्या ट्रान्स स्त्रियांना जागतिक क्रमवारीच्या महिला स्पर्धांतून वगळले. त्याआधीच्या नियमानुसार वर्षभर टेस्टोस्टेरॉन ठरावीक मर्यादेखाली ठेवणे पुरत असे.