गायरान, दाखला आणि संयुक्त राष्ट्रे

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की वाटेत धाराशिव जिल्ह्यातलं तामलवाडी लागतं. टोलनाका, पोलीस ठाणं आणि दोन्ही अंगांनी शिवारं. दाट जंगल कुठे नाही. त्यामुळे आदिवासींच्या आंतरराष्ट्रीय हक्कांचा विषय निघाला, की ‘ते गडचिरोलीकडचं’ म्हणून इथे तो झटकून टाकणं सोपं जातं. पण धाराशिव जिल्ह्यात माळांवर वस्ती करून राहणारे फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत मोडतात. धाराशिव संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून इथे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू नाही, एवढं खरं. मात्र अ‍ॅट्रॉसिटी कायदा आणि आदिवासींच्या जमिनीचं हस्तांतर रोखणारी जमीन महसूल संहितेची कलमं राज्यभर लागू आहेत.

दुसरा समज असा, की भारताने हे हक्क मान्यच केलेले नाहीत. 13 सप्टेंबर 2007 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा 144 मतांनी मंजूर झाला, त्यात भारताचं मत होतं. विरोधात होते अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. भारताने मत दिलं आणि सोबत पळवाटही ठेवली: स्वातंत्र्याच्या वेळी इथे असलेले सगळेच मूळनिवासी! जाहीरनामा करारासारखा बंधनकारक नाही, हेही खरं. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक 107 भारताने 1958 सालीच स्वीकारलेला आहे. तो जुन्या वळणाचा, आदिवासींना मुख्य प्रवाहात विरघळवू पाहणारा. तरी परंपरेने वहिवाटलेल्या जमिनीची मालकी मान्य करा, असं त्याचं कलम 11 सांगतं.

जमिनीच्या या हक्काची खरी गाठ बसते ती गायरानात, म्हणजे गावाच्या चराईच्या सरकारी जमिनीत. ‘गायरानावरचं अतिक्रमण कधीच नियमित होत नाही, कोर्टानेच सांगितलंय,’ हे वाक्य फार आत्मविश्वासाने फेकलं जातं. त्यामागे आहे 28 जानेवारी 2011 चा जगपाल सिंग निकाल. गावाच्या सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं हटवा, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं, आणि 12 जुलै 2011 ला राज्य सरकारने तशा अर्थाचा शासन निर्णय काढला. पण त्याच निकालात अपवादही आहे: भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेनुसार जमीन दिलेली असेल, तर ती नियमित करता येते. महाराष्ट्राने तर 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय 28 नोव्हेंबर 1991 लाच घेतला होता. आणखी एक गंमत. त्याच जानेवारीच्या 5 तारखेला, त्याच दोन न्यायमूर्तींनी, नगर जिल्ह्यातल्या एका भिल्ल महिलेवरच्या अत्याचाराच्या खटल्यात आदिवासी हेच या देशाचे मूळ रहिवासी असल्याचं लिहिलं. हा निकाल सरकारी कागदात क्वचितच भेटतो. जगपाल सिंगचा मात्र अतिक्रमणाच्या नोटिशीत हमखास.

जमातीच्या दाखल्याचं दुखणं वेगळं. ‘पारधी म्हटलं की आदिवासी’ हेही अर्धवट. फासेपारधी अनुसूचित जमातीत, तर पालपारधी आणि राजपारधी विमुक्त जातींच्या यादीत. जमातीच्या दाखल्याला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 चा. 1950 साली तामलवाडी हैदराबाद राज्यात होतं आणि सोलापूर मुंबई राज्यात. शिकारीमागे या सीमेच्या दोन्हीकडे फिरणाऱ्या कुटुंबाने शाळा सोडल्याचा दाखला आणावा कुठून? आपली ओळख ठरवण्याचा हक्क जाहीरनाम्याच्या कलम 33 ने समूहालाच दिलाय. आपली जात पडताळणी समिती कागद मागते.

‘गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 साली गेला, आता काय?’ हा प्रश्नही नेहमीचा. 1871 पासून चालत आलेला तो कायदा गेला, पण मुंबई सराईत गुन्हेगार कायदा 1959 साली आला. असे कायदे रद्द करा, असं संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने भारताला 2007 मध्ये सांगितलं. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड या जमातींना ठेवलं, त्या वसाहतीचं ‘सेटलमेंट’ हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. चोरी झाली की आधी पालावर जाण्याची पोलिसांची सवय कुठून आली, ते यावरून कळावं. 3 ऑक्टोबर 2024 रोजी तुरुंगातल्या जातिभेदाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना निर्देश दिले. ते देशातल्या प्रत्येक ठाण्याला लागू आहेत, तामलवाडीच्याही.

आता गायरानावर सौरऊर्जा प्रकल्प येत आहेत. प्रकल्पाआधी तिथल्या लोकांची मुक्त आणि पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हवी, असं जाहीरनाम्याचं कलम 32 म्हणतं. सातबाऱ्यावर नाव शासनाचं, त्यामुळे ती संमती कुणाकडून घ्यायची हा प्रश्नच कागदावर उठत नाही. पण तलाठ्याकडे गाव नमुना 1-ई असतो, अतिक्रमणाची नोंदवही. तिथलं नाव आणि भरलेल्या दंडाच्या पावत्या हे कसणाऱ्याच्या हातातले सर्वांत भक्कम कागद. नक्कल मागायला वकील लागत नाही. साधा अर्ज पुरतो. तलाठ्याने टाळलं, तर माहितीच्या अधिकारात.