दुकानातल्याच कॉम्प्युटरला मोबाईल 'असुरक्षित' का म्हणतो? घरगुती सर्टिफिकेट अथॉरिटीची गोष्ट

पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळला भोरकडे जाणारा फाटा फुटतो. समजा, तिथल्या एका हार्डवेअरच्या दुकानात बिलिंगचं सॉफ्टवेअर एका कॉम्प्युटरवर आहे आणि काउंटरवरची पोरं ते वायफायवरून मोबाईलवर उघडतात. पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे फक्त दुकानापुरता. एचटीटीपीएस लावलं, तरी क्रोम बजावतो की कनेक्शन सुरक्षित नाही. पोरं सूचना न वाचता पुढे जातात, रोज. एकदा ही सवय लागली की बँकेच्या खोट्या साइटवरही बोट तिथेच पडतं.

ब्राउझरची तक्रार कुलपाबद्दल नसते. कुलूप पक्कंच असतं. समोरचा कॉम्प्युटर तोच आहे, हे सांगणारा कोणी नसतो. ती ओळख सर्टिफिकेट पटवतं आणि त्यावर सही करते सर्टिफिकेट अथॉरिटी, थोडक्यात सीए (टॅक्सवाले सीए वेगळे!). कोणत्या सीएंवर विश्वास ठेवायचा, याची यादी मोबाईलमध्ये आधीपासून भरलेली असते.

मग 'लेट्स एन्क्रिप्ट'सारख्या फुकट सीएकडून सर्टिफिकेट का घेऊ नये? कारण १९२.१६८ चा तोच पत्ता लाखो घरांत वापरात आहे; तो नेमका कोणाचा, हे कोण ठरवणार? म्हणूनच अशा अंतर्गत पत्त्यांना सर्टिफिकेट देणं सार्वजनिक सीएंनी बंद केलं आणि उरलीसुरली सर्टिफिकेटं १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द करायची, असा नियम झाला. स्वतःचं डोमेन असेल तर मात्र डीएनएसमार्गे पडताळणी करून काम भागतं. ज्यांना ते जमतं त्यांनी पुढच्या खटाटोपात पडूच नये.

बाकीच्यांसाठी उपाय म्हणजे स्वतःचीच सीए. ओपनएसएसएल या मोफत साधनाने आधी एक गुप्त किल्ली बनवायची. त्या किल्लीने स्वतःच स्वतःवर सही केलेलं सर्टिफिकेट म्हणजे 'रूट'. मग बिलिंगच्या कॉम्प्युटरची वेगळी किल्ली आणि तिचा सहीसाठी अर्ज. त्यावर रूटच्या किल्लीने सही. शेवटी रूट सर्टिफिकेट (किल्ली नव्हे!) प्रत्येक मोबाईलमध्ये बसवायचं. एमकेसर्ट नावाचं साधन यातलं बरंचसं काम दोन कमांडमध्ये करतं, पण ते मुख्यतः डेव्हलपरांच्या स्वतःच्या मशीनसाठी आहे.

अडतं ते बारीकसारीक गोष्टींत. कॉम्प्युटरचा पत्ता 'सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम' या रकान्यात हवाच. क्रोम २०१७ पासून जुना 'कॉमन नेम' रकाना बघत नाही. आयफोनला ८२५ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं सर्व्हर सर्टिफिकेट चालत नाही आणि त्यात रूट बसवल्यावर सेटिंगमध्ये जाऊन विश्वासाचं बटण वेगळं चालू करावं लागतं. अँड्रॉइड ७ पासून बहुतेक ॲप आपण बसवलेलं रूट मानत नाहीत, क्रोम मानतो.

आणि रूटची किल्ली? ती बिलिंगच्या कॉम्प्युटरवर ठेवणं म्हणजे तिजोरीची चावी तिजोरीलाच अडकवून ठेवणं. पासवर्ड लावून पेन ड्राइव्हवर, कपाटात. ती ज्याच्या हाती लागेल तो त्या सगळ्या मोबाईलसाठी कोणत्याही साइटचं खोटं सर्टिफिकेट बनवू शकतो, अगदी बँकेचंही. रूट बनवतानाच 'नेम कन्स्ट्रेंट्स' घालून ते ठरावीक पत्त्यांपुरतं बांधून टाकता येतं. ते जरूर करावं.

ही भीती कल्पनेतली नाही. जुलै २०१४ मध्ये एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेच्या सीएकडून गुगलच्या डोमेनसाठी अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं गुगलला आढळलं. भारताचं सरकारी रूट विंडोजच्या यादीत होतं, त्यामुळे तिथे ती खरी मानली गेली असती. फायरफॉक्सच्या स्वतःच्या यादीत ते नसल्याने त्याला फरक पडला नाही. पुढे क्रोमने हे रूट गव्ह डॉट इन, निक डॉट इन अशा मोजक्या डोमेनपुरतं मर्यादित केलं. २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये जाहिरातींसाठी आधीच घातलेलं 'सुपरफिश'चं रूट सापडलं. सगळ्या लॅपटॉपमध्ये किल्ली एकच होती आणि तीही लॅपटॉपमध्येच!

त्यामुळे फुकट वायफायसाठी किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या ॲपसाठी कोणी 'हे सर्टिफिकेट टाका' म्हणालं, तर टाकू नये. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये विश्वासार्ह क्रेडेन्शियलच्या पानावर 'वापरकर्ता' असा भाग असतो. तो बहुतेकांचा रिकामा असतो. कापूरहोळच्या त्या दुकानातल्या मोबाईलवर तिथे एकच नाव दिसायला हवं.