शालेय शुल्क व माध्यमिक शिक्षण

अध्यापनाबद्दल शाळेने विद्यार्थ्याकडून ठराविक मुदतीने घेतलेली रक्कम म्हणजे शालेय शुल्क होय. व्यवहारात तीस सत्रशुल्क, परीक्षाशुल्क, प्रयोगशाळाशुल्क यांची जोड मिळते. गणवेश, पुस्तके व प्रवास यांचा खर्च निराळाच. बहुतेक देशांत प्राथमिक शिक्षण निःशुल्क झाल्यानंतर हा प्रश्न मुख्यत्वे माध्यमिक स्तरावर उरला. याच वयात मूल मिळवते होऊ शकते; त्यामुळे गरीब पालकास शुल्काबरोबर बुडणाऱ्या मजुरीचाही हिशेब करावा लागतो. शुल्काचा परिणाम प्रथम प्रवेशावर व नंतर गळतीवर होतो. एका उपायाने दोहोंचा बंदोबस्त होईल, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. अनुभव तसा नाही.

या बाबतीत इंग्लंडचा इतिहास बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील माध्यमिक शाळा शुल्क घेणाऱ्या व बव्हंशी मध्यमवर्गाच्या होत्या. १९०७ च्या नियमांनी अनुदानित माध्यमिक शाळांना सर्वसाधारणपणे २५ टक्के जागा सार्वजनिक प्राथमिक शाळांतून येणाऱ्या मुलांसाठी निःशुल्क ठेवणे भाग पडले. जागा थोड्या व उमेदवार पुष्कळ. तेव्हा केवळ पात्रता पाहण्यासाठी योजलेली परीक्षा लवकरच स्पर्धेची बनली. १९३२ मध्ये, आर्थिक मंदीच्या काळात, शुल्कमाफीस पालकाच्या उत्पन्नाची अट जोडण्यात आली. पुढे १९४४ च्या शिक्षण अधिनियमाने स्थानिक शिक्षणाधिकरणांच्या शाळांतील शुल्क रद्द केले आणि १९४५ पासून त्याची अंमलबजावणी झाली. तथापि ग्रामर शाळेतील प्रवेश अकराव्या वर्षाच्या निवडपरीक्षेवर अवलंबून राहिला. पैशाची चाळणी गेली, परीक्षेची उरली. आणि या दुसऱ्या चाळणीतूनही सुस्थित घरांतील मुलेच अधिक संख्येने पार पडत.

गळतीचा प्रश्न १९५४ मध्ये मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाच्या ‘अर्ली लीव्हिंग’ या अहवालाने ऐरणीवर आणला. निःशुल्क ग्रामर शाळेत निवडून घेतलेल्या मुलांतही अकुशल कामगारांची मुले अभ्यासक्रम अर्धवट टाकण्याचे प्रमाण वरच्या वर्गांतील मुलांच्या मानाने बरेच अधिक होते. शुल्क नसतानाही ती शाळा सोडत होती. कारण घर लहान होते, भावंडे पुष्कळ होती आणि मिळकतीची निकड होती. सोळा वर्षांवरील गरीब विद्यार्थ्यांना उपस्थितीच्या अटीवर आठवड्याला कमाल ३० पौंड निर्वाहभत्ता देण्याची योजना १९९९ मध्ये काही भागांत व २००४ मध्ये सर्वत्र सुरू झाली. तिचा रोख नेमका या बुडीत मिळकतीवर होता. २०११ मध्ये ती इंग्लंडमध्ये बंद करण्यात आली.

यावरून शुल्क गौण ठरत नाही. घाना या देशात वरिष्ठ माध्यमिक शाळेत प्रवेश मिळूनही पैशाअभावी नाव न घातलेल्या ग्रामीण भागातील २,०६४ मुलामुलींपैकी ६८२ जणांना २००८ मध्ये सोडत काढून शिष्यवृत्ती देण्यात आली. निवड दैवावर सोपविल्यामुळे दोन्ही गटांची तुलना विश्वसनीय ठरते. शिष्यवृत्तिधारकांत शिक्षणक्रम पुरा करणाऱ्यांचे प्रमाण शेकडा पंचविसांहून अधिकाने वाढले. घानाने २०१७ मध्ये शासकीय वरिष्ठ माध्यमिक शिक्षण नव्या विद्यार्थ्यांना निःशुल्क केले. तेव्हा विद्यार्थ्यांची एवढी गर्दी झाली, की पुढच्याच वर्षी अनेक शाळांना विद्यार्थ्यांचे दोन गट करून त्यांना आळीपाळीने बोलवावे लागले. खोल्या व शिक्षक यांची तरतूद आधी करावयास हवी होती, हे उघड आहे.

भारतात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. नववीपासून शुल्कमाफी राज्यांच्या धोरणावर अवलंबून राहते. आपल्याकडे ‘नादारी’ची जुनी प्रथा आहे; परंतु तीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो मिळविण्यास तालुक्याच्या ठिकाणी घालवावा लागणारा दिवस मजुराच्या दृष्टीने पुन्हा एक खर्चच असतो. शुल्काच्या रकमेइतकेच त्याच्या मुदतीलाही महत्त्व आहे, याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये सुरू होतात. खरिपाच्या पेरणीसाठी शेतकऱ्याचा होता नव्हता तो पैसा त्याच सुमारास बी-बियाण्यांत गुंतलेला असतो, आणि पीक हाती येण्यास दसरा-दिवाळी उजाडते.