नायगावची पाणी पंचायत

दुष्काळ म्हणजे पाऊस न पडणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु जे थोडे पाणी हाती लागते त्याची वाटणी कशी करावयाची, हा प्रश्न त्याहून बिकट आहे. आम्हां बेळगावकरांना आषाढात छत्रीवाचून उंबरठा ओलांडता येत नाही; त्याच वेळी आमच्याच जिल्ह्यातील अथणीकडचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. म्हणूनच पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात झालेल्या एका प्रयोगाची हकीकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

पुरंदरचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. १९७२ च्या दुष्काळातील तेथील हाल पाहून पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानची १६ हेक्टर उजाड जमीन खंडाने घेतली. उतारावर बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, विहीर खोदली व तिचे पाणी उपसून वरच्या शेतास दिले. येथवर नवल असे काही नाही. तलाव-विहिरी पुष्कळांनी केल्या आहेत.

नवल आहे ते वाटणीत. या अनुभवातून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीवरून न ठरविता माणसांवरून ठरविला. माणशी अर्ध्या एकरापुरते पाणी, आणि कुटुंब कितीही मोठे असले तरी अडीच एकरांहून अधिक नाही. म्हणजे चार माणसांच्या घरी वीस एकर जमीन असली, तरी पाणी दोन एकरांपुरतेच! जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. भूमिहीनालाही वाटा होता. जमीनच नाही, तर तो पाणी घेऊन करणार काय, असे कोणी विचारील. दुसऱ्याची जमीन वाट्याने करताना ते पाणी हेच त्याचे भांडवल! योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा मात्र लाभधारकांनी उचलावयाचा असे.

उसाला मज्जाव होता. ज्वारी, हरभरा ही पिके चार महिन्यांत शेत मोकळे करतात. ऊस वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ उभा राहून ऐन उन्हाळ्यातले पाणी पितो. त्याच्या एका एकराच्या पाण्यात अशा पिकांचे कित्येक एकर भिजतात. तरीही हाती येणारा रोख पैसा सोडणे सोपे नव्हे. आमच्या मते सर्व अटींत हीच अट पाळावयास सर्वांत कठीण.

साळुंखे २००२ साली निवर्तले. कालव्याचे पाणी आजही बहुतेक ठिकाणी जमीनधारकालाच मिळते. भूमिहीनाचे नाव त्या यादीत नसते.