द्यूलाफ्वा दांपत्याचा इराण-प्रवास : प्रवासवर्णनाचे पुरावा म्हणून मोल

इराणातील प्राचीन व मध्ययुगीन वास्तूंच्या अभ्यासात एकोणिसाव्या शतकातील युरोपीय प्रवाशांच्या वृत्तांतांना विशेष स्थान आहे. त्यांपैकी मार्सेल द्यूलाफ्वा (१८४४-१९२०) आणि त्यांच्या पत्नी झान द्यूलाफ्वा (१८५१-१९१६) या फ्रेंच दांपत्याचा १८८१-८२ मधील प्रवास दोन कारणांनी उद्बोधक ठरतो. एक म्हणजे, एकच वास्तू उभयतांनी दोन निरनिराळ्या दृष्टींनी पाहिली. दुसरे म्हणजे, त्यांची अनुमाने मागे पडली असली तरी त्यांच्या नोंदींचे महत्त्व कालांतराने वाढतच गेले. असे का घडले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मार्सेल हे व्यवसायाने स्थापत्य-अभियंता होते. युरोपातील मध्ययुगीन वास्तुकलेची मुळे पूर्वेकडे, विशेषतः इराणात, सापडतील अशी त्यांची धारणा होती व तिचा पडताळा पाहण्यासाठीच हा प्रवास योजिलेला होता. १८८१ च्या प्रारंभी मार्सेय बंदरातून निघून ते कॉन्स्टँटिनोपल व काकेशसमार्गे तब्रीझला पोहोचले. पुढे सुलतानिया, कझवीन, तेहरान, कोम, काशान, इस्फहान व शिराझ असा मार्ग आक्रमून, इराकातून वळसा घेऊन, १८८२ च्या आरंभी ते सूसा येथील ढिगाऱ्यांपाशी आले. प्रवासास सुमारे चौदा महिने लागले व त्याचा फार मोठा भाग घोड्यावरून झाला.

असा प्रवास एकट्यादुकट्याने होण्याजोगा नव्हता. मालाची व माणसांची ने-आण करणारा चारवादार म्हणजे खेचरवाल्यांचा नायक हाच खरा वाटाड्या असे. कोठे थांबावयाचे, कोणत्या प्रहरी निघावयाचे, पाणी कोठे मिळेल, हे तोच ठरवी. उन्हाळ्यात तांडे रात्री चालत व दिवसा सराईत विसावा घेत. प्रांताधिकाऱ्यांची शिफारसपत्रे आणि त्यांनी दिलेले स्वार हा दुसरा आधार होता. त्यामुळे प्रवाशांना काय दिसले आणि काय दिसले नाही, हे पुष्कळ अंशी या मार्गदर्शकांच्या सोयीवर व अधिकाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून होते. कोणत्याही प्रवासवर्णनाचा पुरावा म्हणून उपयोग करताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते.

मार्गातील कामाची वाटणी स्पष्ट होती. मार्सेल मोजमापे व आराखडे घेत. झान छायाचित्रे काढीत आणि दैनंदिनी लिहीत. त्या पुरुषी वेषात वावरत. तरीही स्त्री असल्यामुळे परक्या पुरुषाला सर्वस्वी बंद असलेल्या अंदरूनात, म्हणजे घरातील स्त्रियांच्या भागात, त्यांना प्रवेश मिळे. घरगुती जीवनाची जी माहिती इतर प्रवाशांच्या लेखनात क्वचित आढळते, ती यामुळे त्यांच्या ग्रंथात आली. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात त्यांच्या छायाचित्रांवरून कोरलेली तीनशेहून अधिक चित्रे आहेत.

मार्सेल यांच्या अनुमानांचे भवितव्य निराळे झाले. चौरस दालनावर वर्तुळाकार घुमट बसवावयाचा तर चार कोपऱ्यांचे काय करावे, हा घुमटरचनेतील मूळ प्रश्न होय. विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्या वाचकास तो अपरिचित नाही. तेथे तो परस्परांना छेदणाऱ्या कमानींनी सोडविला आहे. फार्स प्रांतातील फिरुझाबाद व सर्वेस्तान येथील वाड्यांत कोपऱ्यांवर लहान कमानी टाकून तो सोडविलेला दिसतो. हे वाडे हखामनी काळातील, म्हणजे इसवी सनापूर्वीचे, असे मार्सेल यांनी प्रतिपादिले. परंतु फिरुझाबादचा वाडा सासानी वंशाचा संस्थापक पहिला अर्दशीर याच्या काळचा, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील आहे, आणि सर्वेस्तानची वास्तू त्याहूनही बऱ्याच उत्तरकालीन ठरली आहे. अर्थात कालनिर्णय चुकला, तरी त्यांनी घेतलेली मोजमापे निरुपयोगी झाली नाहीत.

नोंदीचे मोल याहून स्पष्ट दिसते ते तेहरानच्या आग्नेयेस असलेल्या वरामीन येथे. इमामजादा याह्या या दर्ग्याच्या भिंती धातूसारखी झळाळी असलेल्या फरशांनी मढविलेल्या होत्या व त्यातील मिहराबावर १२६५ या सालाशी जुळणारा हिजरी काळ कोरलेला आहे. झान यांनी १८८१ मध्ये ही वास्तू पाहून तिचे वर्णन केले. पुढे तो मिहराब दर्ग्यातून नाहीसा झाला, १९०० साली पॅरिसमध्ये प्रकटला आणि शेवटी संग्राहक डॉरिस ड्यूक यांच्या हवाई बेटांवरील निवासस्थानी गेला. फरशाही जगभरच्या संग्रहालयांत विखुरल्या. उजाड भिंतींवर पूर्वी काय होते, हे सांगणाऱ्या मोजक्या साक्षींत झान यांची नोंद मोडते.

मात्र वस्तू मूळ स्थानापासून दूर नेण्याच्या या व्यवहारात खुद्द हे दांपत्यही सामील होते. शाहाचे वैद्य डॉ. तोलोझाँ यांच्या मध्यस्थीने परवाना मिळवून त्यांनी १८८५-८६ मध्ये सूसा येथे उत्खनन केले. दारयवहूच्या राजवाड्यातील धनुर्धरांची रंगीत विटांची पट्टी व सिंहांची पट्टी त्यांनी पॅरिसला नेली आणि १८८८ मध्ये लूव्र संग्रहालयात ती दालने खुली झाली. हलविण्यास फार जड असलेल्या एका पाषाण-वृषभावर आपण संतापून हातोडा चालविला, असे झान यांनी स्वतःच्या उत्खनन-दैनंदिनीत लिहून ठेविले आहे. पुढे १८९५ मध्ये फ्रान्सला इराणातील उत्खननाचा मक्ता मिळाला, १९०० च्या करारान्वये सूसा येथील सर्व वस्तूंवर त्याचा हक्क मान्य झाला, आणि १९२७ मध्ये तो मक्ता संपुष्टात आला. १९३० च्या पुरातत्त्व-कायद्याने इराणने आपल्या अवशेषांचे नियमन हाती घेतले.

त्याच सूसा येथे पुढील फ्रेंच उत्खननांत दारयवहूचा वास्तुलेख सापडला. राजवाड्यासाठी देवदार लेबनॉनहून, सोने सार्डिस व बाख्त्रियाहून आणि हस्तिदंत इतर देशांबरोबर सिंधू-प्रदेशातून आणल्याचे त्यात नमूद आहे. कोणती वस्तू कोठून आली, हे लिहून ठेवण्याची आवश्यकता त्या सम्राटालाही वाटली होती. वास्तूच्या इतिहासात स्थळाचा निर्देश हा असा मूलभूत असतो. द्यूलाफ्वा दांपत्याचे श्रेय व दोष या एकाच कसोटीवर ठरतात : जेथे त्यांनी वस्तू जागच्या जागी पाहून नोंदविली, तेथे त्यांनी ज्ञानात भर घातली, जेथे ती फोडली वा हलविली, तेथे पुढील अभ्यासकाचा पुरावा त्यांनी उणा केला.